मोनेचं तळं आणि गावकऱ्यांची हरकत

क्लोद मोनेची कमळं पाहायला पॅरिसला जावं लागत नाही. ती कॅलेंडरवर असतात, माउसपॅडवर असतात, फ्रिजच्या मॅग्नेटवर असतात, आणि दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसलो की समोरच्या भिंतीवर तर हमखास असतात. निळसर हिरवं पाणी, त्यावर तरंगणारी गोल पानं, मधेच गुलाबी-पांढरे ठिपके. हे तळं मोनेनं स्वतःच बनवलं होतं, घरासमोरचा तुकडा विकत घेऊन, खणून, ओढ्याचं पाणी आत वळवून, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्या तळ्याची एक सरकारी फाइल झाली होती हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. अर्ज, गावकऱ्यांची हरकत, इंजिनियर, पुन्हा अर्ज, मग मंजुरी. म्हणजे अगदी आपल्याकडच्यासारखंच.

चित्रकलेतलं मला फार कळत नाही. पण फाइल म्हटली की आपला इंटरेस्ट जागा होतो.

तर आधी जागा समजून घेऊ. पॅरिसहून सीन नदीच्या काठानं वायव्येला साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर गेलं की नॉर्मंडीच्या वेशीवर जिव्हर्नी नावाचं खेडं लागतं. तेव्हा वस्ती जेमतेम तीनशेच्या आसपास. मोने १८८३ साली इथे भाड्यानं राहायला आला. बरोबर अलीस ओशेदे, तिची सहा मुलं आणि त्याची स्वतःची दोन. (अलीस तेव्हा दुसऱ्याची बायको होती. लग्न झालं १८९२ साली, तिचा नवरा वारल्यावर. खेड्यात काय काय बोललं गेलं असेल याची कल्पना तुम्हीच करा.) तेव्हा हातात पैसा बेताचाच. पुढे चित्रं विकली जायला लागली आणि १८९० साली त्यानं ते घर २२,००० फ्रँकला विकत घेतलं.

गावाशी त्याचं नातं कसं होतं याचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. १८९१ साली शेजारच्या लिमेत्झ गावात नदीकाठच्या पॉप्लरच्या झाडांची रांग तो रंगवत होता. ती झाडं गावाच्या मालकीची होती आणि त्यांचा लाकडासाठी लिलाव निघाला. चित्रं अर्धवट! मोनेनं काय करावं? लाकडाच्या व्यापाऱ्याला गाठलं, लिलावात तुझ्याबरोबर मीही पैसे घालतो म्हणाला, अट एकच, माझी चित्रं संपेपर्यंत झाडं तोडायची नाहीत. व्यापारी कबूल झाला. चित्रं झाली, झाडं पडली. चित्रकाराच्या लेखी तो 'देखावा' होता आणि गावाच्या लेखी ते लाकूड होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. तळ्याच्या भानगडीत हेच पुन्हा होणार होतं, फक्त या वेळी मामला पाण्याचा होता.

फेब्रुवारी १८९३ मध्ये मोनेनं घरासमोरचा एक तुकडा घेतला. घराची बाग संपली की रस्ता, रस्त्याला लागून रेल्वेची एकेरी लाइन आणि लाइनच्या पलीकडे ही ओलसर जमीन. तिच्या कडेनं 'रू' नावाचा ओढा वाहायचा. रू हा एप्त नदीचा फाटा, आणि एप्त पुढे सीनला मिळते. मोनेच्या डोक्यात तळं होतं, त्यात कुमुदिनी लावायच्या होत्या, वर एकदोन छोटे पूल टाकायचे होते.

इथे थोडं तांत्रिक. कुमुदिनीला संथ पाणी लागतं आणि उन्हानं कोमट झालेलं लागतं. वाहत्या गार पाण्यात ती नीट फुलत नाही. पण पाणी नुसतंच साठवून ठेवलं तर ते कुजतं, शेवाळं धरतं. म्हणजे पाणी आत यायला एक वाट हवी, बाहेर जायला एक वाट हवी, आणि दोन्हींवर झडपा हव्यात, की पाहिजे तेव्हा थोडं पाणी बदलायचं आणि एरवी बंद ठेवायचं. आज आपण परसात तळं करतो तेव्हा खड्ड्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथरतो, पंप बसवतो आणि तेच पाणी फिल्टरमधून गोल गोल फिरवतो. कुणाला विचारायचा प्रश्न येत नाही. १८९३ साली पंप म्हणजे ओढाच. आणि ओढा एकट्या मोनेचा नव्हता.

फ्रान्समध्ये १८०४ सालापासून नेपोलियनची नागरी संहिता होती. त्यात वाहत्या पाण्याबद्दल एक साधं, शहाणपणाचं कलम आहे. तुमच्या जमिनीतून ओढा जात असेल तर त्याचं पाणी तुम्ही तुमच्या हद्दीत वापरा, पण हद्द संपते तिथे ते पुन्हा मूळच्या प्रवाहात सोडा. वरच्याचा वापर संपतो तिथून खालच्याचा सुरू होतो, हे लक्षात ठेवूनच ते लिहिलंय. शिवाय अशा ओढ्या-नद्यांवर देखरेख प्रीफेक्टची. प्रीफेक्ट म्हणजे आपल्या हिशेबात जिल्ह्याचा कलेक्टर. म्हणून मार्च १८९३ मध्ये मोनेनं कलेक्टरसाहेबांकडे रीतसर अर्ज टाकला: पूल बांधायचे आहेत, आणि पाणवनस्पती वाढवण्यासाठी खणायच्या तळ्यात ओढ्याचं पाणी घ्यायचं आहे.

गावानं हरकत घेतली. ओढ्याच्या खालच्या अंगाला बायका धुणं धुवायच्या, गुरं पाणी प्यायची. हा पॅरिसचा माणूस कुठून कुठून परदेशी झाडं आणून पाण्यात लावणार, त्यानं पाणी नासलं तर? गुरांना बाधलं तर? पाहणीला इंजिनियर आले, चौकश्या सुरू झाल्या, आणि प्रकरण लांबलं.

मोने त्या वेळी घरी नव्हता. तो रूआँला होता. तिथल्या कथीड्रलच्या दर्शनी भिंतीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन कसं सरकतं ते एका मागून एक कॅनव्हासवर उतरवत होता आणि ते काम त्याला भयंकर छळत होतं. त्यात घरून हरकतीची बातमी. २० मार्चला त्यानं अलीसला जे पत्र लिहिलं त्याचा मजकूर थोडक्यात असा: काही भाड्यानं घेऊ नकोस, जाळी मागवू नकोस, मला या विषयावर आता काहीही ऐकायचं नाही, मला चित्रं काढायची आहेत. जिव्हर्नीचे गावकरी आणि ते इंजिनियर यांना त्यानं त्यात एक सणसणीत फ्रेंच शिवीही हासडली आहे. (इंजिनियर लोकांनी मनाला लावून घेऊ नये, क्लायंट रागावला की बोलतो.) आणि त्याच पत्रात आणखी एक सूचना आहे. ती पाणवनस्पतींची रोपं नदीत फेकून दे, तिथे वाढतील.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलोच. मोनेच्या गोष्टी सांगणारे बहुतेक लोक शिवीपाशी हसतात आणि पुढे जातात. पण गावकऱ्यांना नेमकी कशाची भीती होती? हा माणूस बाहेरची झाडं आपल्या पाण्यात सोडेल याची. आणि रागाच्या भरात तो नेमकं तेच करायला सांगत होता! नदीत फेक, वाढतील. अलीसनं बहुधा हा राग ओळखला असावा, कारण तळ्याचा बेत काही रद्द झाला नाही.

जुलैपर्यंत मोने शांत झाला होता. १७ जुलैला त्यानं प्रीफेक्टला नवं पत्र पाठवलं, आणि एखाद्या मुरलेल्या वकिलानं लिहून द्यावं तसं ते आहे. तळं म्हणजे केवळ डोळ्यांचं सुख आणि चित्रासाठी विषय. झाडं म्हणजे कुमुदिनी, बोरू, आयरिस असलीच, जी आपल्या नदीच्या काठानं बहुतेक आपसूक उगवतात. पाणी विषारी व्हायचा प्रश्नच येत नाही. आठवड्याभरात, २४ जुलैला, मंजुरी आली.

आता ती झाडं कोणती होती ते पाहू.

युरोपात उगवणारी कुमुदिनी मुळात पांढरी. रंग आणले एका माणसानं, त्याचं नाव जोसेफ बोरी लातूर-मार्लियाक. (नाही, आपल्या लातूरशी काहीही संबंध नाही!) फ्रान्सच्या नैऋत्येला, लोत नदीजवळच्या एका गावात त्यानं १८७५ साली पाणवनस्पतींची रोपवाटिका काढली. थंडी सोसणारी पांढरी कुमुदिनी घ्यायची, मेक्सिकोतली पिवळी, उत्तर अमेरिकेतली सुवासिक, स्वीडनमधली तांबूस अशा जातींशी तिचा संकर करायचा, असा त्याचा उद्योग. पिवळ्या, गुलाबी, तांब्याच्या रंगाच्या, लाल अशा कुमुदिनी त्यानं काढल्या आणि आपली पद्धत शेवटपर्यंत कुणाला नीट सांगितली नाही. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात, म्हणजे ज्याच्यासाठी आयफेल टॉवर उभा राहिला त्यात, त्यानं त्या मांडल्या आणि बक्षीस मिळवलं. त्याच प्रदर्शनात मोनेचीही चित्रं लागली होती. १८९४ पासून मोनेनं या रोपवाटिकेला दिलेल्या ऑर्डरी आजही तिथे जपून ठेवलेल्या आहेत.

एक गंमत आपल्या भाषेची. मराठीत आपण या सगळ्याला सरसकट कमळ म्हणतो. पण कमळाचं पान आणि फूल पाण्याच्या वर, देठावर उभं राहतं, मधोमध ते शॉवरच्या तोटीसारखं बियांचं बोंड असतं. कुमुदिनीचं पान पाण्यावर सपाट पसरतं आणि त्याला एक खाच असते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं ती दोन्ही जवळची नातेवाईकसुद्धा नाहीत. मोनेच्या चित्रात आहेत त्या कुमुदिनी. तेव्हा वर पहिल्याच ओळीत मी 'कमळं' लिहिलंय ते रूढीला शरण जाऊन.

मुद्द्यावर येतो. प्रीफेक्टला लिहिताना 'आपल्या नदीकाठी आपसूक उगवणारी' आणि पुढच्याच वर्षी ऑर्डर मेक्सिकोचं, अमेरिकेचं रक्त असलेल्या संकरांची. अर्जात लिहिलेला स्कोप आणि प्रत्यक्ष डिलिव्हरी यांतला हा फरक आपल्या धंद्यातल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही, पण गावकऱ्यांची शंका अगदीच हवेतली नव्हती एवढं तरी मान्य करायला हवं. मोनेवरच्या लिखाणात मात्र ते गावकरी नेहमी येतात ते विनोदी पात्रं म्हणून. अडाणी, संशयखोर, कलेचं कौतुक नसलेले. मला हे पटत नाही.

कारण त्याच दशकात काय चाललं होतं ते पाहा. दक्षिण अमेरिकेतली एक देखणी, जांभळ्या फुलांची, तरंगणारी वनस्पती बागेतल्या तळ्यांसाठी म्हणून अमेरिकेत पोचली होती. १८९० च्या सुमारास ती फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत शिरली आणि काही वर्षांत बोटींना वाट राहिली नाही. १८९९ साली अमेरिकन काँग्रेसला ती काढण्यासाठी लष्कराच्या इंजिनियरांना कायद्यानं अधिकार द्यावे लागले. हीच वनस्पती शोभेची म्हणूनच बंगालमध्ये आली, भातशेतीत आणि जलमार्गांत माजली, आणि १९३६ साली बंगालला तिच्यासाठी खास कायदा करावा लागला. तिचं मराठी नाव सांगायची गरज आहे का? जलपर्णी. पुण्यात मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, कुठल्याही पुलावर उभं राहा, उन्हाळ्याच्या आधी नदीच्या जागी हिरवं क्रिकेट ग्राउंड दिसतं. (आपल्याकडे ती इतकी माजते त्याला नदीत सोडलेलं सांडपाणी कारणीभूत आहे, तो दोष झाडाचा नाही. पण ते झाड मुळात इथलं नाही.)

फ्रान्समध्येसुद्धा हे घडलं. 'ज्युसी' नावाची पिवळ्या फुलांची दक्षिण अमेरिकन पाणवनस्पती एकोणिसाव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये आली, शोभेसाठी लावली गेली, आणि मग तळी, कालवे, पाणथळ कुरणं झाकत पसरत राहिली. २००७ साली फ्रान्सनं तिच्या विक्रीवर बंदी घातली. २०१४ मध्ये ब्रिटननं तळ्यात लावायच्या पाच परदेशी वनस्पतींची विक्री बंद केली. २०१६ मध्ये युरोपीय संघानं आक्रमक प्रजातींची पहिली यादी काढली, त्यात जलपर्णी आहेच. म्हणजे जिव्हर्नीच्या धुणं धुणाऱ्या बायकांनी जो प्रश्न विचारला होता तो विचारायला सरकारांना शंभर-सव्वाशे वर्षं लागली. त्यांचा शब्द चुकला असेल, पाणी 'विषारी' झालं नसतं. पण तुझ्या कुंपणातून सुटलेलं झाड आमच्या पाण्यात येईल का, हा प्रश्न बरोबर होता.

मग जिव्हर्नीत तसं काही का झालं नाही? माझ्या मते यात नशिबाचा भाग मोठा. लातूर-मार्लियाकचे बरेचसे संकर वांझ, त्यांना रुजणारं बी धरत नाही, गड्डे तोडून लावले तरच ते वाढतात. शिवाय कुमुदिनी चिखलात मूळ धरून बसते, जलपर्णीसारखी प्रवाहाबरोबर निघत नाही. मोनेला तळ्यासाठी दुसरं एखादं फूल आवडलं असतं तर कदाचित या गोष्टीचा शेवट वेगळा झाला असता.

आणि दुसरं कारण म्हणजे मोनेनं ते तळं बेवारस सोडलं नाही. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. सहा माळी होते. त्यातला एक फक्त तळ्याचा. तो रोज सकाळी होडीतून फिरून मेलेली पानं आणि शेवाळं काढायचा, पानांवरची काजळी धुवायचा, कारण शेजारून कोळशाची आगगाडी जायची. मोटारी आल्यावर रस्त्यावरची धूळ पानांवर बसायला लागली, तर १९०७ मध्ये मोनेनं पदरचे पैसे घालून रस्त्यावर डांबर टाकून घेतलं. कुणाकुणाला वाटेल, केवढी ही चैन. मला तर यात मेंटेनन्सचं बजेट दिसतं. तळं खणणं हे दोन महिन्यांचं काम, ते नितळ ठेवणं हे तेहेतीस वर्षांचं.

१९०१ साली त्यानं ओढ्यापलीकडची आणखी जमीन घेतली, या वेळी गावाच्या कौन्सिलकडून ओढाच वळवायची परवानगी मिळवली, आणि तळं साधारण तिप्पट केलं. आठ वर्षांत बराच फरक पडला होता. मोने आता खूप प्रसिद्ध आणि श्रीमंत होता. शिवाय तळ्यानं कुणाची गाय मेली नव्हती, हेही असेल. १९१० च्या जानेवारीत सीनला महापूर आला तेव्हा बाग, तळं, ओढा, सगळं एकच पाणी झालं.

पुढची गोष्ट तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल म्हणून पटकन सांगतो. १९११ मध्ये अलीस गेली, १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं, १९१४ च्या सुरुवातीला थोरला मुलगा ज्याँ गेला, आणि मग महायुद्ध. त्या काळात म्हाताऱ्यानं नवा स्टुडिओ बांधून दोन-दोन मीटर उंचीचे कॅनव्हास रंगवायला घेतले, विषय फक्त तळं. युद्धविराम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ ला, मित्र आणि पंतप्रधान क्लेमांसोला त्यानं त्यातली दोन चित्रं देशाला द्यायची इच्छा कळवली. दोनाची पुढे बरीच झाली. ५ डिसेंबर १९२६ ला मोने वारला, मे १९२७ मध्ये पॅरिसच्या ओरांजेरीत दोन अंडाकृती दालनांत ती मांडली गेली. एका मागे एक लावली तर जवळजवळ शंभर मीटर.

तळ्याचं काय झालं? सावत्र मुलगी (आणि ज्याँची विधवा) ब्लाँश १९४७ पर्यंत बाग सांभाळत होती. ती गेल्यावर बघणारं फारसं कुणी उरलं नाही. धाकटा मुलगा मिशेल १९६६ साली वारला, त्यानं मालमत्ता फ्रान्सच्या ललित कला अकादमीला दिली. १९७७ मध्ये दुरुस्ती सुरू झाली तेव्हा घराची जमीन कुजलेली होती, मोठ्या स्टुडिओत झाडं उगवली होती, आणि तळं पुन्हा खणावं लागलं, कारण काठ ढासळले होते. ते पोखरले होते मस्करॅटनी. हा मांजराहून लहान, पाण्यात राहणारा, काठात बिळं करणारा उंदराच्या कुळातला प्राणी. मूळचा उत्तर अमेरिकेचा. १९०५ साली बोहेमियातल्या एका सरदारानं हौसेनं आपल्या तळ्यांत आणून सोडला, पुढे फरसाठी लोकांनी त्याची पैदास केली, आणि तिथून सुटून तो निम्म्या युरोपात पसरला. जिव्हर्नीला नवे काठ बांधले गेले, १९८० साली बाग लोकांसाठी उघडली. ओढा अजून वाहतो. रेल्वेलाइन गेली, रस्त्याखालून भुयारी वाट काढली आहे, दरवर्षी लाखो लोक त्यातून पलीकडे जाऊन हिरव्या पुलावर फोटो काढतात, आणि होडीतला माळी आजही शेवाळं काढत असतो.